टोमॅटो, घेवडा, भोपळा: घरच्या बागेत बी धरताना

बी धरायचं काम फळ पिकल्यावर नाही, झाड गुडघ्याएवढं असतानाच सुरू होतं. हे उशिरा लक्षात आलं तर हंगाम हातचा जातो. तोवर चांगल्या झाडांवरची पहिली फळं खाऊन संपलेली असतात आणि बियाण्यासाठी उरतात ती शेवटची, लहान, किडकी फळं. म्हणून या हंगामात आम्ही रोपं लावतानाच तीन पिकं बियाण्यासाठी ठरवून ठेवली: टोमॅटो, घेवडा आणि भोपळा. तिघांची रीत निराळी आहे. टोमॅटोचं बी ओल्या गरातून काढावं लागतं, घेवड्याचं झाडावरच वाळतं, आणि भोपळ्याचं बी काढणं सोपं असलं तरी वाण शुद्ध राखणं कठीण असतं. ही तीन जमली की घरच्या बागेतली बहुतेक पिकं यांतल्या कुठल्या तरी रीतीत बसतात. कांदा, गाजर, कोबी, बीट यांना मात्र दुसऱ्या वर्षी फूल येतं आणि मध्ये थंडीचा काळ लागतो. पहिल्याच हंगामात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवातीचं बियाणं सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचं हवं. पाकिटावर ‘एफ १’ किंवा ‘संकरित’ लिहिलेलं असेल तर त्या झाडाचं बी उगवतं, पण येणारी झाडं एकसारखी नसतात. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणाचं फळ लांबट तर कुणाचं गोल. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरच्या प्रयोगांतून मांडलेला नियमच इथे दिसतो: पहिल्या पिढीत झाकलेले गुण दुसऱ्या पिढीत फुटून वर येतात. ‘घरचं बी चांगलं निघालं नाही’ अशी तक्रार ऐकली की आधी मूळ पाकीट काय होतं ते विचारावं.

झाडाची निवड करताना फळावर भुलू नये. एखाद्या मरतुकड्या झाडाला एकच मोठं फळ आलेलं असतं. बाकीची फळं धरलीच नाहीत म्हणून ते मोठं झालेलं असतं, आणि आपण नेमकं तेच बियाण्यासाठी ठेवतो. त्या एका झाडावरच्या सगळ्या फळांतलं बी एकाच आईचं असतं, फळ लहान असो वा मोठं. म्हणून आम्ही फुलोऱ्याच्या आधीपासून आठवड्यातून एकदा वाफ्यातून फिरून झाडं पाहिली. वेळेवर फुलणारी, पानं स्वच्छ असणारी, फांद्यांची ठेवण वाणाला धरून असणारी झाडं निवडून त्यांच्या खोडाला लाल सुती पट्टी बांधली. वाणाशी न जुळणारी झाडं उपटली. बीजोत्पादक याला भेसळ काढणं म्हणतात, आणि ती फुलं यायच्या आत काढली तरच उपयोग होतो. घेवड्याच्या दोन झाडांची पानं पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्याची होऊन कडा खाली वळल्या होत्या. हा मोझॅक विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे ती झाडं मुळासकट काढून टाकली.

किती झाडांचं बी घ्यायचं, हे पीक आपलं परागीभवन कसं करतं त्यावर ठरतं. टोमॅटो आणि घेवडा स्वतःच्याच परागाने फळतात. पाच-दहा टोमॅटो आणि वीसेक घेवड्याची झाडं असली की घरापुरतं वाण नीट टिकतं. मक्याची गोष्ट उलटी आहे. तो वाऱ्यावर परपरागीभवन करतो. शंभराहून कमी झाडांवरून वर्षानुवर्षं बी घेत राहिलं तर ताटं खुजी होत जातात आणि कणसं नीट भरत नाहीत. छोट्या बागेत मक्याचं बी न धरलेलंच बरं.

टोमॅटोच्या दोन वाणांमध्ये आम्ही ३ मीटर अंतर ठेवलं. साध्या वाणांना तेवढं पुरतं, कारण त्यांची स्त्रीकेसराची दांडी पुंकेसरांच्या नळीच्या आतच राहते. काही जुन्या, बटाट्यासारख्या रुंद पानांच्या वाणांत ती नळीबाहेर डोकावते आणि मधमाश्यांना वाव मिळतो. भिंगातून एक फूल पाहिलं की हे लगेच कळतं. दांडी बाहेर दिसली तर अंतर बरंच वाढवावं, नाहीतर फुलोऱ्याच्या एका घोसावर पातळ जाळीची पिशवी बांधावी.

फळं खाण्याच्या पिकण्यापेक्षा थोडी पुढे जाऊ दिली. बोटाने दाबलं की मऊ लागावीत, पण सडकी नकोत. पट्टी बांधलेल्या प्रत्येक झाडावरून दोन-दोन फळं घेतली. फळ आडवं कापलं की बियांचे कप्पे सरळ समोर येतात. त्यातला गर बियांसकट चमच्याने काचेच्या बरणीत काढला. प्रत्येक बीभोवती एक बुळबुळीत पारदर्शक आवरण असतं. बी ओल्या फळात असतानाच रुजू नये म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. ते अंगावर तसंच ठेवून वाळवलं तर बी उगवायला वेळ लावतं, शिवाय एकमेकांना चिकटून त्याच्या ढेपा होतात. म्हणून ते आंबवून काढायचं.

गर फारच घट्ट असेल तरच त्यात पाव भाग पाणी घालावं. जास्त पाण्याने आंबणं मंदावतं आणि बी लवकर फुटतं. बरणीवर कापड बांधून ती सावलीत ठेवली. २० ते २५ अंश सेल्सिअसला दोन ते तीन दिवस लागतात, ३० अंशांच्या आसपास दीड दिवसातच काम होतं. दिवसातून दोनदा ढवळायचं, म्हणजे वर आलेला थर एकाच जागी काळा पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर पांढुरकी साय धरली होती, कडेने बारीक बुडबुडे येत होते आणि आंबट वास नाकात चढत होता. चमच्यावर दोन-चार बिया घेऊन पाण्याखाली बोटांनी चोळल्या तर बी अजून बुळबुळीत लागत होतं. संध्याकाळी तेच करून पाहिलं तेव्हा बी बोटाला खरखरीत लागलं, बारीक लव असलेलं. हीच थांबायची खूण. दिवस मोजत बसण्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं ते उशिराने. एका बरणीत आणखी एक दिवस गेला आणि काही बियांच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसायला लागला, टाचणीच्या टोकाएवढा. तो मोडाचा पहिला कोंब असतो. अशा बिया वाळवल्या की मरतात, आणि वाळल्यावर त्या ओळखूही येत नाहीत. पेरल्यावर वाफा रिकामा राहतो तेव्हाच कळतं. ती बरणी आम्ही बियाण्यात धरली नाही.

धुताना बरणीत तिप्पट पाणी घालून ढवळलं आणि मिनिटभर स्थिर ठेवलं. भरलेल्या बिया तळाला बसतात, पोचट बिया आणि गराचे तुकडे वर तरंगतात. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. पाणी नितळ होईपर्यंत चार-पाच वेळा हे करावं लागलं. बी बारीक चाळणीत काढून चाळणीच्या तळाला कापड लावून पाणी टिपलं आणि काचेच्या ताटलीत पसरलं. कागदावर पसरलं तर बी असं चिकटतं की सोडवताना साल निघते. पहिल्या दिवशी तीन-चार वेळा बोटांनी मोकळं केलं, नाहीतर रात्रीतून त्याची चकती होते.

बागेत पानांवर करप्याचे किंवा जिवाणूंचे ठिपके दिसले असतील तर ताज्या बियांना गरम पाण्याची प्रक्रिया देता येते. बी पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून आधी १० मिनिटं ३८ अंशांच्या पाण्यात आणि मग बरोबर २५ मिनिटं ५० अंशांच्या पाण्यात ठेवायचं. त्यानंतर लगेच थंड पाण्यात बुडवून वाळत घालायचं. दोन अंश कमी पडले तर रोगजंतू वाचतात, दोन अंश जास्त झाले तर उगवण मार खाते. त्यामुळे खात्रीचा थर्मामीटर नसेल तर हा प्रयोग करू नये. जुन्या बियांवर आणि भोपळ्यासारख्या मोठ्या बियांवर तर नाहीच नाही.

भोपळ्याचं काम पहाटेचं. बागेत आणि आजूबाजूला एकाच जातीचे दोन वाण असले की मधमाश्या त्यांची सरमिसळ करतातच, आणि मधमाशीला कुंपण नसतं. पंचाईत अशी की संकर झाल्याचं या वर्षीच्या फळावरून कळत नाही. फळाचा गर आणि साल आईच्या पेशींची असते, त्यामुळे फळ अगदी अस्सल दिसतं. मिसळ फक्त बीच्या आत असते आणि पुढच्या वर्षी वेलावर उघडी पडते. यात धोकाही आहे. झुकिनी (काकडीसारखा लांब, कोवळा खायचा भोपळा) आणि शोभेचे छोटे भोपळे एकाच जातीतले. त्यांचा संकर झाला की पुढच्या पिढीच्या फळात कडू विषारी द्रव्य येऊ शकतं. जर्मनीत २०१५ साली घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. शिजवून हा कडूपणा जात नाही. घरच्या बियाण्याच्या वेलावरचं पहिलं फळ शिजवण्याआधी कच्ची चकती जिभेला लावून बघावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि वेल उपटावा.

म्हणून हाताने परागीभवन केलं. आदल्या संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधायच्या. त्यांची टोकं हिरवी न राहता पिवळी-केशरी झालेली असतात, पण अजून घट्ट मिटलेली असतात. मादी फुलाखाली चिमुकला भोपळा असतो, नर फुलाला नुसता लांब बारीक देठ. एका मादी कळीमागे दोन-तीन नर कळ्या, शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरच्या, घेतल्या. सगळ्यांची टोकं रंगकामाच्या कागदी चिकटपट्टीने बंद केली. टोकाला एक सेंटीमीटर जागा सोडून पट्टी गुंडाळावी, अगदी टोकावर लावली तर पहाटे उमलताना पाकळी ती झटकून टाकते.

सकाळी ऊन चढायच्या आत नर फुलं देठासकट तोडली, पट्टी काढली आणि पाकळ्या सोलून टाकल्या. उरतो तो परागाने माखलेला पिवळा दांडा, हातात धरायला कुंचल्यासारखा. मग मादी फुलाची पट्टी सोडली, पाकळ्या हलकेच उघडल्या आणि आतल्या तिन्ही पाळ्यांवर तो दांडा फिरवला. एका नर फुलाचा पराग झाला की दुसऱ्याचा. लागलीच पाकळ्या मिटवून पुन्हा पट्टी. एवढ्यात मधमाशी त्या फुलात शिरली, किंवा पाकळीला आधीच भोक पडलेलं दिसलं, तर ते फूल सोडून द्यावं. इथे मन घट्ट करावं लागतं, पण शंकेचं फूल ठेवण्यात अर्थ नाही. दहा वाजल्यानंतर केलेलं काम बहुतेक वाया जातं, कारण उन्हाबरोबर परागाचा जोर ओसरतो. फुलाच्या देठाला रंगीत लोकर सैल बांधली, कारण पट्टी लावलेल्या पाकळ्या थोड्याच दिवसांत वाळून गळतात आणि कुठलं फळ आपलं ते कळेनासं होतं.

सगळी फुलं धरत नाहीत. चिमुकला भोपळा आठवडाभरात पिवळा पडला तर तो गेला. वेलावर आधीची मोठी फळं असतील तर नवं फळ सहसा टिकत नाही, म्हणून बियाण्याच्या वेलावरची आधीची फळं काढून घ्यावीत. फळ साल नखाने ओरखडा न पडण्याइतकी कडक होईपर्यंत आणि देठ वाळून लाकडासारखा होईपर्यंत वेलावर ठेवलं. तोडल्यावरही लगेच कापलं नाही. कोरड्या जागी चार आठवडे ठेवलं, कारण तेवढ्या काळात बिया आतल्या आत आणखी भरतात. बिया पाण्यात चोळून धुतल्या, आंबवायची गरज पडली नाही. वाळल्यावर दोन बोटांत दाबून पाहिल्या. ज्या चपट्या दबल्या त्या पोचट, त्या काढून टाकल्या.

घेवड्याला श्रम कमी आणि धीर जास्त लागतो. निवडलेल्या झाडांवरची एकही शेंग भाजीला तोडायची नाही. अधूनमधून तोडत राहिलं तर झाड नव्या शेंगा धरत बसतं आणि बी एकसारखं पिकत नाही. शेंगा पिवळ्या, मग तपकिरी, कागदासारख्या झाल्या आणि हलवल्यावर आत खुळखुळू लागल्या की काढणी. पावसाची चिन्हं दिसली तर थांबू नये. शेंगा पिवळ्या झालेल्या असल्या तरी झाडं मुळासकट उपटून छपराखाली उलटी टांगावीत. भिजलेल्या शेंगेत बी जागच्या जागी मोड घेतं किंवा त्याच्यावर काळे डाग येतात. शेंगेवर खोलगट तपकिरी चट्टे दिसले तर त्या शेंगेचं बी नको, तो बियांतून पसरणारा करपा आहे. आम्ही शेंगा पोत्यात भरून हलक्या हाताने बडवल्या. जोराने बडवलं तर बियांना न दिसणाऱ्या चिरा जातात आणि उगवताना पानाचा शेंडाच नसलेली रोपं येतात. मग सुपाने पाखडून, सुरकुतलेले आणि फुटके दाणे वेचून बाजूला काढले.

आता वाळवण. घरच्या बियाण्याचं बहुतेक नुकसान इथेच होतं, कारण वरून कोरडं दिसणारं बी आत ओलं असतं. बाटलीत बंद केलं की आठवड्यात बुरशी धरते किंवा आतल्या आत तापून मरतं. वाळवण सावलीत, हवेशीर जागी, ३५ अंशांच्या खाली. कडक उन्हात पत्र्यावर पसरलेलं बी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. ओव्हनमध्ये तर कधीच ठेवू नये. पातळ थर, मंद पंखा, दिवसातून दोनदा हलवणं. टोमॅटोला आठवडा लागला, भोपळ्याला तीन आठवडे, घेवड्याला शेंगेतून काढल्यावर दोन. कस असा पाहावा: भोपळ्याचं बी वाकवलं तर कट्कन मोडलं पाहिजे, नुसतं वाकता कामा नये. घेवड्याचा दाणा दगडावर ठेवून हातोडीने ठोकला तर त्याचे तुकडे उडाले पाहिजेत. चपटा झाला तर अजून आठवडा.

हवा दमट असेल तर नुसत्या पंख्याने एका मर्यादेपुढे बी वाळत नाही, ते हवेतल्या ओलाव्याशी तोल साधून थांबतं. तेव्हा सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषून घेणारे खडे, वापरावं. जेवढं बी तेवढ्याच वजनाचं जेल, दोन्ही वेगवेगळ्या कापडी पुरचुंड्यांत, एकाच हवाबंद बरणीत. टोमॅटो आणि भोपळ्याचं बी आठवडाभर ठेवलं. घेवडा तीनच दिवस, कारण डाळवर्गीय बी अति वाळलं की त्याची साल पाणी शोषत नाही.

ओलावा आणि उष्णता यांवर बियाण्याचं आयुष्य किती अवलंबून असतं, याचा एक जुना हिशोब आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेम्स हॅरिंग्टन यांनी तो मांडला. बीमधला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की टिकण्याचा काळ साधारण दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं की पुन्हा दुप्पट. इस्रायलमधल्या मसाडा इथल्या उत्खननात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजली, त्यामागे तिथला कोरडेपणाच होता. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बीजकोठारात २००८ पासून वाळवलेलं बी उणे १८ अंशांवर ठेवलं जातं. घरी एवढं लागत नाही. खोलीचं फॅरनहाइट तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १०० च्या आत राहील अशी जागा पाहावी.

बी रबरी कडीच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत भरलं. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांतून ओलावा हळूहळू आत जातो. घेवड्याची बाटली सात दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवली, कारण दाण्यांत भुंग्याची अंडी असतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्याआधी हातोडीची परीक्षा उतरलेली हवी. ओल्या बीमधलं पाणी गोठलं की पेशी फुटतात. बाहेर काढल्यावर बाटली एक दिवस न उघडता ठेवली. लगेच उघडली तर थंड बियांवर दव धरतं आणि वाळवणाची मेहनत पाण्यात जाते. चिठ्ठी बाहेर चिकटवली तशी आतही टाकली: वाण, काढणीची तारीख, किती झाडांचं बी, हाताने परागीभवन केलं की नाही.

पेरणीच्या महिनाभर आधी उगवण तपासली. ओल्या कागदावर २० बिया अंतर ठेवून मांडल्या, कागद गुंडाळून सैल पिशवीत २५ अंशांच्या आसपास ठेवला. कागद ओला हवा, थबथबलेला नको. घेवडा आणि भोपळा आठवड्याभरात मोजले, टोमॅटोसाठी दोन आठवडे थांबलो. नुसता कोंब फुटला म्हणून मोजू नये, मूळ आणि शेंडा दोन्ही धड असलेली रोपंच धरावीत. आमचे आकडे आले: टोमॅटो १८, घेवडा १९, भोपळा १४. भोपळ्याच्या न उगवलेल्या सहा बिया चिरून पाहिल्या तेव्हा चार आतून रिकाम्या होत्या, म्हणजे बोटांनी दाबून केलेली निवड अपुरी पडली होती. त्या वाणाच्या प्रत्येक आळ्यात दोनऐवजी तीन बिया टाकायचं ठरवलं. निम्म्याहून कमी उगवण आली असती तर बी दाट पेरूनही भागलं नसतं, कारण तेव्हा उगवणारी रोपंसुद्धा दुबळी असतात.

प्रत्येक बाटलीतलं तिसरा हिस्सा बी न पेरता मागे ठेवलं आहे. टोमॅटो आणि भोपळ्याचं नीट वाळवलेलं बी चार-पाच वर्षं चालतं, घेवड्याचं तीन, कांद्याचं जेमतेम एक-दोन. एखादा हंगाम रोगाने किंवा पावसाने गेला तर तेवढ्या बियांवर पुन्हा उभं राहता येतं.